गेमिंग पीसी जुळवताय? आधी भिंतीवरचा प्लग बघा

परभणीत आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी डीपीवरचा न्यूट्रल तुटला. दुपारची वेळ होती. आधी ट्यूबलाइट भलतीच लखलखली, पंखा घरघरायला लागला आणि मी धावत जाऊन मेन बंद करेपर्यंत टेबलाखालून जळका वास सुटला होता. माझा पहिला गेमिंग पीसी, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) जळाला आणि जाता जाता मदरबोर्डही (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) घेऊन गेला. ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) नशिबानं वाचलं. त्यानंतर मी नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच पोरांना पीसी जुळवून दिले. प्रत्येक वेळी पार्ट निवडायची सुरुवात त्यांच्या घरातल्या प्लगपासून केली. ज्यांनी आजवर कॅबिनेट कधी उघडून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी त्याच क्रमानं लिहितोय.

पायरी पहिली : लाईट आणि अर्थिंग

रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडं लाईट डिम होते, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी व्होल्टेजची मला फार काळजी वाटत नाही. चांगल्या एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, तो १७० वरही निमूट चालतो. स्वस्त मालावर २०० ते २४० लिहिलेलं असतं, तो मात्र डिम लाईटीत बंद पडतो. खरी भीती जास्त व्होल्टेजची. तीन फेजच्या लाइनीत न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत २३० च्या जागी ३००-३५० व्होल्ट शिरतात. बटणांची पट्टी असते ना, स्पाइक गार्ड, तिचा इथं उपयोग नाही. ती क्षणभराचा झटका झेलते, सतत येणारं जास्त व्होल्टेज तिला थांबवता येत नाही. त्यासाठी मीटरजवळच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज २७०च्या आसपास गेलं की तो घराची लाईन तोडतो, सुरळीत झालं की पुन्हा जोडतो. पीसीबरोबर टीव्ही आणि फ्रीजही वाचतो, म्हणून घरच्यांना पटवणंही सोपं जातं.

आता अर्थिंग. अनवाणी पायानं कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर तुमच्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थच्या वायरीनं जमिनीत जायला हवा. वाट नसली की कॅबिनेटच्या पत्र्यावर ११० व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट फार थोडा असल्यानं माणसाला सहसा इजा होत नाही, पण चालू मशीनला एचडीएमआयची केबल लावताना पोर्ट जळू शकतो. ‘तेवढं होतच असतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि शेजारी उभे राहा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्टच्या आत असेल तर छान. एक गोष्ट मात्र प्लगची प्लेट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही जण अर्थिंगचं काम टाळायला प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन वायरच्या तुकड्यानं जोडून देतात. मीटरवर आकडा झकास येतो, पण उद्या मागं न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट फेज येईल. हे जीवावर बेतणारं आहे. तसा तुकडा दिसला तर आधी तो काढून टाका, मग पुढचं बोला.

आपल्या काळ्या मातीचंही एक आहे. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, रॉडपासून सुटते आणि अर्थिंग कमजोर होतं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं काम घरातल्या कुणाकडं तरी देऊन ठेवा.

यूपीएसबद्दल थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॉटच्या आसपास. खाली सांगतोय तशी मशीन गेम चालू असताना मॉनिटर धरून २८० वॉटपर्यंत घेते. चालेल, पण काठावर. जमलं तर १००० व्हीए घ्या. घरी साइन वेव्ह इन्व्हर्टर आधीच असेल तर त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असतं, ते ‘यूपीएस’वर ठेवा. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला कमी वेळ लागतो आणि मशीन बहुधा बंद पडत नाही. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी लावू नका.

पायरी दुसरी : काय खेळणार ते लिहून काढा

वहीत तीन गेम लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असली नावं असतील तर प्रोसेसर बरा हवा, कार्ड मध्यम चालेल. जीटीए ५ किंवा त्यानंतरचे मोठे ओपन-वर्ल्ड गेम असतील तर कार्डावर जास्त खर्च करावा लागेल. मॉनिटर २४ इंची, १०८० पी (फुल एचडी), आयपीएस पॅनलचा (बाजूनं पाहिलं तरी रंग नीट दिसतात तो) आणि किमान १०० हर्ट्झचा (सेकंदाला पडदा किती वेळा बदलतो तो आकडा) घ्या. कमी बजेटमध्ये १४४० पीच्या मागं लागू नका, तेवढे पिक्सेल ओढायला कार्डही महाग लागतं.

पैशांची वाटणी मी अशी करतो. रॅमचे आणि कार्डांचे भाव इतके हलतात की रुपयांचा आकडा महिनाभरात शिळा होतो, म्हणून वाटा सांगतो. मॉनिटर आणि यूपीएस बाजूला ठेवून शंभर रुपयांतले चाळीस ग्राफिक कार्डाला. पंचवीस ते अठ्ठावीस प्रोसेसर आणि मदरबोर्डाला मिळून. दहा-बारा एसएमपीएसला. उरलेल्यात रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट. कार्डाचा वाटा कमी पडायला लागला तर कॅबिनेटचे रंगीत दिवे काढा. एसएमपीएसला हात लावू नका.

पायरी तिसरी : ग्राफिक कार्ड

नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. दुकानात विचारतात, ‘किती जीबीचं कार्ड पाहिजे?’ आणि चार जीबीचं म्हणून जीटी ७३० हातात ठेवतात. हे कार्ड २०१४ सालचं आहे. त्याच्यावर चार जीबी मेमरी असेल, पण तेवढी वापरायची ताकद त्या चिपमध्ये नाही. मोंढ्यात गोदाम भलंमोठं बांधलं आणि हमाल दोनच ठेवले तर गाड्या काही लवकर भरत नाहीत. कार्डाचं पूर्ण नाव विचारा, ते कागदावर लिहून घ्या, त्याच नावानं आपल्या गेमच्या चाचणीचे व्हिडिओ बघा आणि मगच पैसे द्या.

कमी बजेटमध्ये आरएक्स ६६०० मी सगळ्यात जास्त वेळा बसवलंय. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट आणि एकच ८-पिनची केबल. १०८० पीवर बहुतेक गेम मध्यम ते हाय सेटिंगला सुखानं चालतात. थोडे पैसे वाढवता आले तर आरटीएक्स ४०६०. तेही ८ जीबीचंच, पण ११५ वॉटवर चालतं, आणि आपल्या उन्हात कमी वॉटचं कार्ड म्हणजे खोलीत कमी उष्णता.

आरटीएक्स ३०५० घेताना सांभाळा. या एकाच नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ चं ६ जीबीचं. दुसऱ्यात मेमरीही कमी आहे आणि कोरही कमी आहेत. पण ते ७० वॉटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. घरात एखादा बऱ्यापैकी नवा ऑफिसचा ब्रँडेड पीसी पडून असेल आणि त्याचा एसएमपीएस बदलता येत नसेल, तर हेच कार्ड कामाचं. नव्या जुळणीत मात्र ते घेऊ नये असं माझं मत. आरएक्स ६५०० एक्सटी तर टाळाच. त्याचं नेहमीचं मॉडेल ४ जीबीचं आहे आणि बोर्डाशी ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटच्या चारच लेननं (डेटा जायच्या वाटांनी) बोलतं, जुन्या बोर्डावर आणखी अडखळतं.

कार्डाला पैसेच नसतील तर लाजायचं कारण नाही. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. त्याच्या आत बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, व्हॅलोरंट आणि जुने गेम सेटिंग कमी करून खेळता येतात. वर्षभरानं कार्ड टाकता येईल. अट एकच, रॅमच्या दोन काड्या हव्यात. आतलं ग्राफिक्स रॅमचीच मेमरी वापरतं, एका काडीवर त्याचा रस्ता निम्मा होतो.

पायरी चौथी : प्रोसेसर आणि बोर्ड

‘आय७, १६ जीबी, १ टीबी, गेमिंग पीसी’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. किंमत बघून जीव हरखतो. पण कुठला आय७? पुष्कळदा तो आय७-२६०० असतो, २०११ सालचा. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) मागतं, ते त्या बोर्डावर मिळणार नाही. मोठा आकडा आय७ मधला ७ नाही, त्याच्यापुढचा बघायचा. १२१०० म्हणजे बारावी पिढी, २६०० म्हणजे दुसरी. बाराव्या पिढीतला आय३ या जुन्या आय७ ला गेममध्ये आरामात मागं टाकतो.

माझी पहिली पसंती रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), डब्यात कूलरही येतो. रायझन ५ ५५०० स्वस्त म्हणून दाखवतील, त्याची कॅश निम्मी आहे. भावात फरक थोडाच असेल तर ५६०० च घ्या. इंटेलमध्ये आय५-१२४००एफ, आणि अगदीच हात आखडला तर आय३-१२१००एफ. शेवटी एफ असला की आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. ५६०० चंही तसंच, एफ नसला तरी.

डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) वाले एएम५ (रायझनच्या नव्या सॉकेटचे) बोर्ड पुढं प्रोसेसर बदलायला चांगले आहेत, हे खरं. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅम ज्या वेगानं महागली, ते बघता कमी बजेटमध्ये मी अजून एएम४ आणि डीडीआर४ या आधीच्या पिढीवर थांबतो. वाचलेला पैसा कार्डात जातो, आणि गेममध्ये दिसतो तो कार्डातलाच पैसा.

बोर्ड बी५५० चा घ्या. पैसे कमी असतील तर बी४५०, पण तिथं दुकानदाराला विचारा, ‘५००० सिरीजसाठी बायोस अपडेट केलाय का?’ (५६०० याच सिरीजचा, आणि बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर.) नसेल तर प्रोसेसर बसवूनही पडदा काळाच राहील आणि तुम्ही रात्रभर केबली हलवत बसाल. इंटेलकडं एच६१० चालतो, फक्त रॅमचे स्लॉट बहुतेक दोनच असतात.

पायरी पाचवी : रॅम आणि एसएसडी

८-८ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर४, ३२०० मेगाहर्ट्झ. सोळाची एक काडी घेऊ नका. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) घ्या आणि इथं जरा सैल हात ठेवा. जीटीए ५ सारखा एकच गेम १०० जीबीच्या आसपास जागा खातो. फायबर असलेल्या शहरात गेम काढला, पुन्हा उतरवला, चालून जातं. आपल्यातल्या कितीतरी पोरांकडं रोजचा दोन जीबीचा मोबाइल पॅक आहे, त्यांना तोच गेम पुन्हा उतरवायला महिने लागतील. म्हणून ५०० जीबीपेक्षा १ टीबी बरी. मित्राकडून स्टीमचा गेम फोल्डरसकट कॉपी करून आणता येतो. तुमच्या खात्यात तो गेम असेल तर स्टीम फाइली तपासून फक्त उरलेलं उतरवतं. एक जुनी हार्ड डिस्क या ने-आणीसाठी ठेवा.

पायरी सहावी : एसएमपीएस, कॅबिनेट आणि मे महिना

साधा हिशेब करू. कार्ड १३२ वॉट, ५६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बाकी सगळं मिळून चाळीस-पन्नास. अडीचशे, म्हणजे ५५० वॉटचा एसएमपीएस पुष्कळ झाला. पण तो ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा आणि पाच वर्षं वॉरंटीचा असू द्या. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’चं स्टिकर असतं. हातात धरून बघा, चांगल्याच्या तुलनेत तो डब्यासारखा हलका लागतो. आत लोखंड-तांबं कमी, फिल्टर कमी, जास्त व्होल्टेज आलं की स्वतः मरून पुढच्याला वाचवायची व्यवस्था नाही. माझा मदरबोर्ड असाच गेला.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी, काचेची नाही. पुढं दोन पंखे हवा आत ओढणारे, मागं एक बाहेर टाकणारा. मे महिन्यात परभणी, नांदेडला पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. पंख्यावर चालणारी मशीन खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं. जानेवारीत ६५ वर चालणारं कार्ड मेमध्ये ८० दाखवेल. तिथवर घाबरू नका. ५६०० ची मर्यादा ९० अंशांची आहे, तिच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. तसं झालं तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा. कार्ड कमी वॉट घेतं, तापमान लगेच उतरतं.

खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. गार हवा मशीनला चांगली असं वाटून माझ्या मावसभावानं कॅबिनेट कूलरसमोर ठेवलं होतं. दोन महिन्यांनी उघडलं तर कॅबिनेटच्या जाळीवर आणि प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांवर पांढरट, खडूसारखा थर. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार वाळून क्षार बसले होते, आणि त्याच्यावर काळ्या मातीची धूळ चिखलासारखी चिकटलेली. हात लावला तर बोटाला लागत होती. ती ब्लोअरनं निघाली नाही, ब्रशनं खरवडावी लागली.

पायरी सातवी : खरेदी

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत आधी भाव विचारा, मग ऑनलाइन बघा. दोन-पाचशेच्या फरकासाठी लांब जाऊ नका. पार्ट बिघडला तर जवळचा दुकानदार कामाला येतो. मात्र कच्चं बिल घेऊ नका. या पार्टांवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवून देतो म्हणणारा तुमची वॉरंटी घेऊन जातो. मामाच्या पोराची रॅमची काडी आठ महिन्यांत गेली. बिलावर सीरियल नंबर नव्हता, दुकानदारानं ‘ही आमच्याकडची नाही’ म्हणून हात वर केले आणि आमच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. डबे टाकू नका. ऑनलाइन मागवलं तर डबा फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करून.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर अर्धा तास गेम चालवून बघा. पंखे खरखरतात का, पडद्यावर ठिपके-पट्टे येतात का, हे अर्ध्या तासात कळतं. पाच मिनिटांत नाही.

दुकानात जुळवून घेतलं आणि एसटीनं गावी न्यायचं असेल तर ग्राफिक कार्ड काढून त्याच्या डब्यात घाला आणि डबा मांडीवर ठेवा. कार्ड जड असतं, एका स्लॉटवर आडवं लटकतं आणि आपल्या रस्त्यांवर शंभर किलोमीटर हिसके बसले की स्लॉट मोडतो. घरी आल्यावर बसवताना टक्कन आवाज आला की बसलं, मग ८-पिन केबल लावायची.

पहिल्या संध्याकाळी

मॉनिटरची केबल मागं बोर्डाच्या वरच्या पोर्टात नाही, खाली आडव्या असलेल्या कार्डाच्या पोर्टात लावा. मला येणाऱ्या फोनपैकी सगळ्यात जास्त फोन याच चुकीचे असतात. ‘दादा, डिस्प्लेच येत नाही.’ ५६००जी वाल्यांना तर डिस्प्ले येतो, गेमही चालतो, फक्त हळू, आणि कार्ड आत नुसतं बसून राहतं. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ बघा. १०० किंवा १४४ चा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच पडून असतो. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४००, २६६६ वर रांगत राहते. सिक्युअर बूट आणि टीपीएमही तिथंच चालू करायचं.

हे झालं की तुमचा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा, प्रोसेसरचं आणि कार्डाचं तापमान बघा आणि त्या दिवशीच्या खोलीच्या तापमानासकट वहीत लिहा. मे महिन्यात तोच गेम, तेवढाच वेळ. खोली जितकी तापली त्याहून मशीन बरीच जास्त तापलेली दिसली तर बटण बंद करा, पुढची जाळी काढून धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि आतले पंखे ब्लोअरनं साफ करताना पाती बोटानं धरून ठेवा.